बापाच्या नावाचा रकाना

"बोटाला थुंकी लावून पान उलटू नका."

वैजयंती हे बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं, की समोरच्या माणसाला आपण ओळखतसुद्धा नाही. चर्चच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी, टेबलावर जुनं रजिस्टर पसरून तो बसला होता. बोट जिभेपासून दोन इंचांवर थबकलेलं... त्याने आधी बोटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"सवय आहे हो," तो म्हणाला. "पेपर तपासताना लागलेली. मी शिक्षक आहे, इतिहासाचा."

"मग तुमच्या मुलांची दया येते मला. नव्वद वर्षांचा कागद आहे तो. कुणाकुणाचे हात लागलेत, काय काय बसलंय त्यावर, तुम्हाला काय ठाऊक?"

"तुम्ही डॉक्टर का?"

"नाही. लॅबमध्ये आहे. लोकांचं रक्त काढते."

"ते कळलंच," तो म्हणाला आणि मुकाट्याने बोट रुमालाला पुसलं.

दारात कल्लप्पा खुदकन हसला. कल्लप्पा म्हणजे चर्चचा राखणदार. मूळचा अक्कलकोटकडचा, साठी ओलांडलेला, आणि जुन्या कपाटाची किल्ली कमरेला अशी खोचून हिंडणारा, की पाळकसाहेबांनासुद्धा ती त्याच्याकडे मागावी लागे. नियम साधा होता. रजिस्टरं मंगळवारी आणि गुरुवारी, दहा ते एक, एवढ्याच वेळात कपाटाबाहेर येणार, आणि एका वेळी एकच.

"येक बुक भाईर हाय, आता दुसरं न्हाय," त्याने वैजयंतीला सांगितलं. "तुमाला कंचं पायजे, अव्वा?"

"बाप्तिस्म्याचं. सदतीसच्या आसपासचं."

"त्येच की ह्ये."

झालं. एक रजिस्टर, एक बाक आणि दोन माणसं. तो सरकून बसला, ती बाकाच्या अगदी टोकाला टेकली, आणि मध्ये तिने आपली पर्स ठेवली. सोलापूरकडच्या मुली सावध असतात.

त्याचं नाव ऋतुराज पाटोळे. चर्चला सव्वाशे वर्षं होणार म्हणून पाळकसाहेबांनी जुन्या नोंदींची यादी करायचं काम त्याच्या गळ्यात घातलं होतं. आणि वैजयंती आली होती आजोबांसाठी.

शमुवेल आजोबांना अठ्ठ्याऐंशी पुरी होत आली होती. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून सगळा जन्म गेला. आता गुडघे कुरकुरत होते, पण डोकं खणखणीत होतं, आणि त्या डोक्याने एकच हट्ट धरला होता. "माजा बाप कुटं पुरलाय त्ये मला बगायचंय. त्येच्या डोक्याशी दोन फुलं ठिवली की मी मोकळा."

सगळ्या कागदांवर त्यांचं नाव होतं शमुवेल दावीद मंद्रूपकर. मंद्रूपकर हे आडनाव रेल्वेच्या कारकुनाने गावावरून चिकटवलेलं. म्हणजे बाप दावीद. पण हा दावीद कोण, कुठला, कधी गेला, काही म्हणजे काही माहीत नव्हतं. निदान आजोबांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत त्याचा ठावठिकाणा सापडेल, म्हणून ती तिथून सुरुवात करत होती. बाप गेला तेव्हा आजोबा चार वर्षांचे. आणि त्यांची आई मथुराबाई जुन्या वळणाची. तिने बाप्तिस्मा घेतला, पण नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही ही रीत काही सोडली नाही. "तुझा बाप" एवढंच म्हणायची, आणि पोराने फार खोदलं तर उठून भाकरी थापायला बसायची. पोर बारा वर्षांचं असताना तीही गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं, कारण नाव तर कागदावर होतंच की.

वैजयंती कामासाठी सोलापुरात खोली घेऊन राहायची आणि लॅबमधली तिची पाळी दुपारी दोनला सुरू व्हायची. मंगळवार आणि गुरुवारची सकाळ तिने आजोबांच्या नावे लिहून टाकली.

काम वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं. आजोबांची जन्मतारीख एक जून. शाळेत घालताना मास्तर मंडळी निम्म्या महाराष्ट्राला देत असत तीच. त्यामुळे साल मागेपुढे धरून शोधायला हवं होतं. त्यात पाळक तेव्हा घोड्यावरून गावोगाव हिंडून बाप्तिस्मे द्यायचे आणि नोंदी मागाहून चिठ्ठ्यांवरून उतरवायचे. जानेवारीनंतर ऑगस्ट आणि ऑगस्टनंतर एकदम मागचा मार्च, असा सगळा कारभार. ऋतुराज नावं वाचायचा, ती उतरवून घ्यायची. तो वाचायचाही मजेत. गुरम्मा, वय तीस, हिने बाप्तिस्म्याच्या दिवशी पाणी फार गार आहे अशी तक्रार केली — हेसुद्धा कुणीतरी शेऱ्याच्या रकान्यात निगुतीने लिहून ठेवलं होतं.

"कुणी लिहिलं असेल हे?" वैजयंतीने हसून विचारलं.

"आमच्याच पणजोबांनी. मिशनच्या शाळेत मास्तर होते, आणि रजिस्टरं लिहायचं कामही त्यांच्याकडेच. अक्षर बघा ना, छापल्यासारखं. घरात अजून त्यांचा फोटो आहे. परीक्षेच्या आधी मला त्याच्यासमोर उभं करायचे."

"मग? पास व्हायचात?"

"इतिहासात."

दुसऱ्या आठवड्यात पर्स बाकावरून टेबलावर गेली. तिसऱ्या आठवड्यात तो डब्यातून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन आला, आणि तिने आधी त्याच्या हातांवर सॅनिटायझर ओतलं, मगच डबा उघडू दिला. भाकरी तोडताना तिचा अंगठा त्याच्या बोटांना लागला... दोघांनीही चटणी किती तिखट आहे यावर जरा जास्तच वेळ चर्चा केली. त्याने कबूल केलं, की त्याला सुईची भीती वाटते. शाळेत लस टोचायला आले होते तेव्हा तो पळून सिद्धेश्वर तळ्यापर्यंत गेला होता.

"एकदा या लॅबमध्ये," ती म्हणाली. "कळणारसुद्धा नाही कधी टोचली ते."

"ते तर आत्ताही कळलं नाही," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

वैजयंतीने मान खाली घालून पुढची नोंद उतरवली. ती चुकली. तिने ती खोडली आणि पुन्हा लिहिली, तर तीही चुकली. खरं सांगायचं तर आताशा ती जरा हळूच शोधत होती. आजोबांचा फोन आला की "बघतेय हो" म्हणायची, आणि फोन ठेवल्यावर स्वतःच्या मनाशी ओशाळायची. चौथ्या मंगळवारी कधीतरी दोघांचं तुम्हीचं तू झालं. कुणी आधी केलं यावर पुढे बरेच वाद झाले, पण ते लग्नानंतरचे.

...आणि त्या गुरुवारी नोंद सापडली.

"शमुवेल," ऋतुराजने वाचलं. "तारीख चौदा मार्च एकोणीसशे सदतीस. आईचे नाव मथुरा, राहणार मंद्रूप..."

"हेच, हेच आजोबा." तिने उभं राहून पानावर वाकून पाहिलं. "आणि बापाच्या नावाचा रकाना? दावीद कुठला, लिहिलंय का?"

तिने त्याच्याकडे पाहिलं, तर त्याचा चेहरा उतरलेला. मग तिने स्वतःच वाचलं. बापाचे नाव: दावीद मास्तर, मिशन शाळा, सोलापूर.

"दावीद मास्तर म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "माझे पणजोबा. आणि हे अक्षरही त्यांचंच. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय."

"दुसरे कुणी असतील याच नावाचे."

"मिशन शाळेत एकच दावीद मास्तर होते. सदतीस साली त्यांचं लग्न होऊन आठ वर्षं झाली होती. माझे आजोबा तेव्हा तीन वर्षांचे होते."

"पण आमच्या आजोबांचा बाप एक्केचाळीसच्या सुमारास वारला. तुझे पणजोबा कधी...?"

"अडुसष्ट साली."

म्हणजे मथुराबाईने पोराला खोटंच सांगितलं असणार. बाप मेला म्हणून. लाजेखातर. नवऱ्याचं नाव ती का घेत नव्हती, याचाही अर्थ आता निराळाच लागत होता. दोघंही हे मनात म्हणाले आणि दोघांनीही उघड म्हटलं नाही. ते काम कल्लप्पाने केलं. तो चहा घेऊन आला होता, आणि दारात उभा राहून त्याने सगळं ऐकलं होतं.

"मंजी तुमी दोगं बहीण-भाऊ झालात की," तो भाबडेपणाने म्हणाला. "लई चांगलं झालं. रक्ताचं मानूस असं सापडत न्हाय."

वैजयंतीने चहाचा कप तसाच बाजूला सरकवला.

"तुमच्या लॅबमध्ये हे तपासता येत नाही का?" ऋतुराजने शेवटी विचारलं.

"येतं. पुण्याला पाठवावं लागतं." तिने रजिस्टर मिटलं. "पण निकाल तोच आला तर? कागद निदान चुकू शकतो, ऋतुराज. रक्त नाही चुकत."

संध्याकाळी तिने कुर्डुवाडीला फोन लावला. वाटलं होतं, आजोबांना धक्का बसेल. आपण लग्नाबाहेरचे, हे अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी कळणं म्हणजे काय थोडं आहे? तिने अडखळत, शब्द निवडत सांगितलं.

"मंजी माजं भाऊबंद हायेत," आजोबा म्हणाले. आवाज भरून आला होता. "सगळा जल्म मी येकटा म्हनून काढला, पोरी. शाळंत, लायनीत, समद्यांना भावकी होती. मला कुणी न्हवतं. आन त्यो पोरगा? त्यो तुजा भाऊच लागतो की. सभाव कसा हाय त्येचा?"

"चांगला आहे," वैजयंती म्हणाली.

"नाताळाला घिऊन ये त्येला. तुज्या भावाला तुज्या हातच्या करंज्या खाऊ घाल."

फोन ठेवून ती उशीत तोंड खुपसून रडली. आजोबांचा आनंद खरा होता आणि तिचं दुःखही खरं होतं, आणि दोन्ही एकाच ओळीतून निघाली होती. चुलत-चुलत का होईना, भाऊ तो भाऊ. त्याच्याशी संसाराचं स्वप्न बघितलं असतं तर जगाने सोडा, तिनेच स्वतःला माफ केलं नसतं. आणि स्वप्न तर बघून झालं होतं.

पुढच्या मंगळवारी ती चर्चला गेली नाही. गुरुवारीही नाही. मोबाइलवर त्याच्या नावाखाली 'टाइप करत आहे' असं दिसायचं, मग नाहीसं व्हायचं. पुन्हा दिसायचं, पुन्हा जायचं. तीही चार अक्षरं लिहायची आणि पुसायची. लॅबमध्ये तिने एका पैलवानाची शीर चुकवली, असं सात वर्षांत कधी झालं नव्हतं. पैलवान बिचारा रागावला नाही, तिचे डोळे बघून तोच "राहू द्या ताई, उद्या येतो" म्हणाला.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी त्याचा फोन आला.

"विजापूर वेशीत शेखलाल चाचांचं दुकान आहे, पुस्तकं बांधायचं. येतेस?"

"कशाला?"

"त्या काळी सोलापुरात एक साप्ताहिक निघायचं. कोर्टकचेरी, चोऱ्यामाऱ्या, कुणाचं कुणाशी भांडण, सगळं छापायचे. शिक्षकाचं असं काही प्रकरण असतं तर त्यांनी सोडलं नसतं. त्याच्या जुन्या फायली वाचनालयाने चाचांकडे बांधायला टाकल्यात. मला छत्तीस आणि सदतीस साल बघायचंय."

"आणि सापडलं म्हणजे? तुझ्या घरात त्यांचा फोटो आहे. तुझे बाबा काय म्हणतील?"

"घरचं घर बघून घेईल," तो म्हणाला. "मला माझं कळलं पाहिजे. असं अर्धवट नाही राहता येत, वैजू."

वैजू... आजवर तिला कुणीच वैजू म्हटलं नव्हतं. ती अर्ध्या तासात वेशीत पोचली.

परतीचा पाऊस ऐन भरात होता. दुकानाच्या पत्र्यावर असा ताशा वाजत होता, की बोलायचं तर जवळ बसावंच लागे. आत पुस्तकं चिकटवायच्या खळीचा आंबूस वास होता. वाळवी लागू नये म्हणून शेखलाल चाचा खळीत निळा, विषारी मोरचूद घालत आणि त्यांची नखं त्याने कायमची निळसर झाली होती.

"बैठो बेटी," चाचा म्हणाले. "हात सुके हैं ना? गीले हात नक्को लगाना. और सर, तुम वो थूक का धंदा करू नको, माझ्या फायली आहेत त्या."

"मी सोडली ती सवय," ऋतुराज म्हणाला.

"चांगलं झालं. कुणी सोडवली?"

त्याने घाईने पहिली फाईल ओढली. दोघं फायलींवर वाकले. छत्तीसचा श्रावण, दिवाळी... दरोडा, गुरांची चोरी, नवऱ्याने बायकोचं नाक कापलं, बायकोने नवऱ्याला विहिरीत ढकललं. एकेका पानागणिक वैजयंतीचा जीव खालीवर होत होता. तिला मास्तरांचं नाव सापडायला नको होतं, आणि सापडल्याशिवाय उठायचंही नव्हतं. त्याचं बोट ओळींवरून फिरत होतं आणि तिचं लक्ष त्या बोटावर होतं. हे बोट आपण आता कोणत्या नात्याने बघायचं, असा एक वेडा विचार तिच्या मनात आला.

"थांब," ती म्हणाली. "मंद्रूप. इथे मंद्रूप लिहिलंय."

वीस डिसेंबरचा अंक. 'पोलीस व कोर्ट' या सदरात, अगदी तळाला. तिने मोठ्याने वाचलं.

"स्टेशनचे घड्याळ. येथील कोर्टापुढे गेल्या बुधवारी एक चमत्कारिक खटला चालला. महिपती, राहणार मंद्रूप, रेल्वेतील बत्तीवाला, याजवर कुर्डुवाडी लायनीवरील एका लहान स्टेशनातील भिंतीचे घड्याळ चोरल्याचा आरोप होता. घड्याळ त्याजपाशी पोत्यात गुंडाळलेले मिळाले. आरोपीने जबानीत सांगितले की, घड्याळ रोज दहा मिनिटे मागे पडे व बत्त्या उशिरा लागल्याचा ठपका आपणावर येई, सबब आपण ते कोणास न विचारता दुरुस्तीस आणले. कोर्टात हशा पिकला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी नऊ महिने सक्तमजुरीची शिक्षा दिली. आरोपीची..."

तिने फाईल त्याच्याकडे सरकवली. पुढचं त्याने वाचलं.

"आरोपीची बायको मथुरा ही गरोदर असून आवारात रडत होती. मिशन शाळेचे दावीद मास्तर यांनी बाळंतिणीची व मुलाची काळजी आपण घेऊ असे सांगून आरोपीस धीर दिला, असे समजते."

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. वैजयंतीने ती बातमी पुन्हा वाचली, आरोपीचं नाव, गाव, बायकोचं नाव. मग ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी थांबेना.

"चोर," ती म्हणाली. "ऋतुराज, माझा पणजोबा चोर होता. नऊ महिने तुरुंगात होता."

"सक्तमजुरी," तोही उजळून म्हणाला. "कोर्टात शाबीत झालेला."

शेखलाल चाचांनी ब्रश खाली ठेवला. "खानदान में चोर निकला, उसकी इत्ती खुशी? चालीस साल हो गए, ऐसे लोगां नहीं देखे बाबा."

पण इतिहासाचा मास्तर म्हणजे एका कागदावर विश्वास ठेवणारा प्राणी नव्हे. रिक्षात बसल्यावर त्याला शंका सुचू लागल्या. मास्तरांनी काळजी घेतली हे खरं, पण बापाच्या रकान्यात स्वतःचं नाव का घातलं? वर्तमानपत्रात "असे समजते" असं होतं. समजण्यावर किती भरवसा ठेवायचा?

"आपण दावीद हेच नाव धरून बसलो होतो," वैजयंती म्हणाली. "दफनाच्या रजिस्टरात महिपती बघायला हवा."

दुसऱ्या दिवशी मंगळवार. दहाला पाच मिनिटं कमी असताना दोघं दारात हजर. कल्लप्पा नेमका चाव्यांचा जुडगा हरवून बसला होता आणि तो सापडेपर्यंत वीस मिनिटं गेली. जुडगा त्याच्या कमरेलाच होता, सदऱ्याच्या दुसऱ्या बाजूला. वैजयंती त्याला काही बोलली नाही, पण मनात बरंच बोलली.

एक्केचाळीस सालच्या पानांवर तिसऱ्याच मिनिटाला नाव आलं. महिपती, राहणार मंद्रूप, वय अदमासे बत्तीस, ज्वराने. दक्षिण भिंतीलगत, ओळ चौथी, जागा अकरावी. अक्षर तेच, छापल्यासारखं. आणि शेऱ्याच्या रकान्यात, जागा पुरेना म्हणून समासात उतरलेल्या बारीक ओळी:

"शमुवेलचा जन्मदाता बाप. मुलाच्या बाप्तिस्म्यावेळी हा कैदेत होता. शाळेत त्यास कोणी कैद्याचे पोर म्हणू नये म्हणून बापाचे जागी मी माझे नाव घातले. नोंद खोटी आहे, दोष माझा. प्रभू क्षमा करो. दावीद."

ऋतुराजने ते एकदा वाचलं, दोनदा वाचलं, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. घरातल्या फोटोला आता कुणाची नजर चुकवायची गरज नव्हती. वैजयंतीला एकाएकी फार हलकं वाटलं. दोन आठवडे छातीवर ठेवलेलं जातं कुणी उचललं असावं तसं.

खिडकीबाहेर पाऊस थांबला होता आणि कडुलिंबावरून थेंब गळत होते.

"म्हणजे," तो म्हणाला, "आपण एकमेकांचे कोणी लागत नाही."

"नाही."

"लांबूनसुद्धा नाही?"

"तिळभरसुद्धा नाही."

"नक्की ना? कारण मला..." तो थांबला. इतक्या नोंदी घडाघड वाचणारा माणूस, पण चार शब्द जुळवताना त्याला घाम फुटला होता. "वैजू, मला तुझं कोणीतरी लागायचंय. तू म्हणशील ते."

ती त्याच्याकडे बघत राहिली. हेच ऐकायला आपण किती दिवस जीव मुठीत धरून बसलो होतो, हे तिला आत्ता कळत होतं.

"भाऊ सोडून काहीही," ती म्हणाली.

त्याने तिचा हात हातात घेतला. जुन्या कागदाची धूळ दोघांच्या बोटांना तशीच होती, आणि तिला सॅनिटायझरची आठवणसुद्धा झाली नाही. दारात कल्लप्पा चहाचे कप घेऊन आला, दोघांना पाहिलं, "शिव शिव, बहीण-भाऊ" असं काहीसं पुटपुटला, आणि मग त्याला सगळं पहिल्यापासून समजावून सांगेपर्यंत एक वाजला.

राहता राहिले आजोबा. खरी भीती तिथेच होती. भावकी मिळाली म्हणून म्हातारा हरखला होता. ती काढून घ्यायची, आणि बदल्यात काय द्यायचं, तर घड्याळ चोरलेला बाप. फोनवर सांगायचा तिला धीर झाला नाही. "जागा सापडली, या" एवढंच ती बोलली.

शनिवारी आजोबा पहिल्या गाडीने आले. पांढरा सदरा, टोपी, हातात काठी आणि कागदात बांधलेली शेवंती. ऋतुराज स्टेशनावर पुढे झाला, तर त्यांनी त्याला खाली वाकूच दिलं नाही, सरळ छातीशी धरलं. "ये पोरा, ये. अगदी आमच्याच वळनाचं नाक हाय बग तुजं," असं म्हणून रिक्षाभर त्याचा हात सोडला नाही. ऋतुराज वैजयंतीकडे बघत होता. वैजयंती रस्त्याकडे बघत होती.

दफनभूमीत दक्षिण भिंतीलगत गवत गुडघाभर वाढलं होतं. चौथ्या ओळीत दगड नव्हता, नुसता आकडा कोरलेली एक फरशी होती. कल्लप्पाने सकाळीच येऊन गवत काढून ठेवलं होतं. आजोबांनी आकड्यावरून हात फिरवला.

"ह्यो दावीद?"

आता सांगणं भाग होतं. वैजयंती त्यांच्याशेजारी ओल्या मातीत बसली आणि तिने सगळं सांगितलं. महिपती हे नाव, बत्त्या, घड्याळ, नऊ महिने. मास्तरांनी लिहिलेल्या ओळी तर तिने मोबाइलवरून अक्षर अक्षर वाचून दाखवल्या. आजोबा ऐकत होते. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"महिपती," त्यांनी एकदा उच्चारून पाहिलं. "माजी आय कदी बोल्ली न्हाय. महिपती." मग त्यांनी विचारलं, "दहा मिन्टं मागं पडायचं व्हय घड्याळ?"

"असं तो कोर्टात म्हणाला."

"मंग बराबर हाय. मागं पडनारं घड्याळ मलाबी बगवत न्हाय." त्यांनी शेवंती सोडली आणि एकेक फूल फरशीवर मांडलं. "चोर तर चोर. माजा हाय. आन त्या मास्तरनं माज्यासाटी द्येवाच्या वहीत खोटं लिवलं. येवढं कोन करतंय, पोरी?"

ते डोळे मिटून बसले. ओठ हलत होते, बापाशी बोलत होते की प्रार्थना करत होते कुणास ठाऊक. वैजयंतीने श्वास सोडला. गेले कित्येक दिवस तो पुरता सुटलाच नव्हता.

मग त्यांनी डोळे उघडले आणि काठी टेकवत उभे राहिले. ऋतुराज चार पावलांवर, हात मागे बांधून उभा होता.

"आन मंग ह्यो?" आजोबांनी तिला हळूच विचारलं. "मास्तर माजा बाप न्हाय, मंजी ह्यो पोरगा आपला कोन?"

"कोणी नाही, आजोबा," वैजयंती म्हणाली, आणि इतक्या आनंदाने हे शब्द तिने जन्मात कधी उच्चारले नव्हते. "अजून तरी कोणी नाही."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मग पुन्हा तिच्याकडे, चांगलं निरखून. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या त्या डोळ्यांना जे दिसायचं ते दिसलं. त्यांनी टोपी नीट केली, काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात ऋतुराजपुढे केला.

"चला, नातजावई," ते म्हणाले. "गुडगा दुकतोय माजा. तुमी जरा गेटापतुर धरा मला."